सात अजून घरी आला नाही

मी लिहावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. गणितात संशोधन करायला गेलेल्या पोराने आठवणी लिहाव्यात हा आगाऊपणाच आहे. तिसगावच्या माणसांनी तो पोटात घालावा, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून लांब गेले त्यांनी निदान हसू नये. एक गोष्ट मला एकट्याने आत ठेवता येत नाही, म्हणून लिहितो.

मी मुंबईला निघालो त्या सकाळी आई एस.टी. स्टँडवर आली नाही. ती कुठेच येत नसे. आमची वस्ती तिसगावच्या शिवारात, गावापासून लांब. तिथलं दार उघडं ठेवून कुणीतरी घरात असायलाच हवं, असा तिचा नेम होता. माझी पत्र्याची पेटी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टपावर चढवून घेतली. खिडकीशी येऊन म्हणाले, "आकड्यांचंच काम हाय ना तिथं? मग बघ, ते आकडं माणसाचं बी कायतरी सांगत्यात का."

शेजारी वहिनी उभी होती. गाडी सुटली तेव्हा तिने हात हलवला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे बघत होती. ती प्रत्येक गाडीकडे तशीच बघायची.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, मी शाळकरी पोर होतो, तेव्हा एका बाजारच्या दिवशी दादा विहिरीवरच्या मोटेचं फाटलेलं कातडं शिवायला घेऊन गावात गेला. शिवणाऱ्याकडे कातडं टाकलं, "सांजच्याला येतो" म्हणाला, आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता. शिवून तयार झालेलं कातडं शेवटी आबा घेऊन आले.

आईचं म्हणणं, त्याला चकवा लागला. आमच्याकडे मानतात की रानात चकवा लागला की माणूस त्याच त्याच जागी फिरत राहतो; आपण घराकडेच चाललोय असं त्याला वाटत असतं. "फिरतोय त्यो," आई म्हणायची. "सुटला की येतोय." म्हणून दाराला कडी लावायची नाही. आणखी एक गोष्ट होती. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, अशी आमच्याकडची रीत. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं ते तीनदा मारत नाही. दादा गेल्यापासून आईने ही रीत सोडली होती. ती पहिल्याच हाकेला ओ द्यायची. कोल्हं ओरडलं तरी उठून दारात जायची. गोठ्यात चांद्या बैल होता, दादाच्या हातचा. तोही त्या वेळेला उठून वाटेकडे तोंड करून उभा राहायचा.

मुंबईत मला ज्या संस्थेत काम मिळालं तिथे कॉम्प्युटर होता. मोठी थंडगार खोली, भिंतीला लागून कपाटांसारखी यंत्रं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराचा कागद निघेपर्यंत बाहेर थांबायचं. आमच्या सरांनी मला दिलेला प्रश्न ऐकायला पोरखेळ वाटेल. कोणताही आकडा घ्या. तो सम असेल तर निम्मा करा. विषम असेल तर पाचपट करून एक मिळवा. आलेल्या आकड्याला पुन्हा तेच. असं करत गेलो तर आकडा शेवटी एकावर येतो का?

तीन येतो. तीनाचे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. पाच येत नाही. पाचाचे सव्वीस होतात, मग तेरा, आणि तिथून वर चढून, खाली उतरून पुन्हा सव्वीसच. तो कायमचा त्याच रिंगणात. सात मात्र सुटतो तो वर वर जातो, मधेच उतरतो, परत त्याहून वर. जितका वेळ यंत्र चालवलं तितका वेळ तो चाललेला. तो कधी परतणार आहे, की कधीच नाही, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले होते, "यंत्र थांबलं तर आपल्याला काहीतरी कळतं. नाही थांबलं, तर काहीच कळत नाही. हे विसरू नकोस."

यंत्रावर परेरा नावाचा ऑपरेटर होता. त्याने वरती एक ट्रान्झिस्टर ठेवलेला असे, कुठल्याही स्टेशनवर न लावलेला. यंत्र चालू झालं की आतल्या विजेची खरखर त्या ट्रान्झिस्टरमध्ये उमटायची, आणि सवयीने त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं की कुणाचं काम चालू आहे. एका दुपारी त्याने मला आत बोलावलं. "ये बाबा, तुझा सात ऐक. काय गातोय बघ!"

मी ऐकलं. लांब चढत गेलेला सूर, मग दोन-तीन झटके खाऊन उतरणारा, आणि पुरता उतरायच्या आत परत चढणारा. मोटेचे बैल धावेच्या उतारावरून मागे आणताना दादा अशीच हाक घालायचा. तिला शब्द नव्हते. मी ती दादाखेरीज कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

"रडतोस काय?" परेरा म्हणाला. "थांब, टाइम लिमिट झालं." आणि त्याने ते थांबवलं. सूर अर्ध्यावरच तुटला. कागदावर यंत्राने छापलं, वेळ संपली.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी घरी गेलो. दादाला जाऊन बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाची पळसाच्या पानांची बाहुली करून तिला अग्नी देतात, मग त्याचे दिवस घालतात. आबांना ते करायचं होतं, वहिनीसाठी. केडगावचा एक बिजवर पाट लावायला तयार होता. पण दादा हयात धरला तर तिला दुसरं घर नव्हतं. आई म्हणे, जित्या पोराला जाळू देणार न्हाई. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते माझ्याशी.

"तू शिकल्याला हायीस," आबा म्हणाले. "तूच सांग. येतोय का न्हाई?"

मी यंत्राबद्दलचं सरांचं वाक्य मराठीत आणून सांगितलं. आबा म्हणाले, "एवढं तर मला न शिकता बी ठावं हुतं," आणि उठून गेले.

दुपारी वहिनी चिंचा फोडून चिंचोके काढत बसली होती. मुंबईला मी नेमकं काय करतो ते तिने विचारलं, तेव्हा मी तेच चिंचोके मांडून तिला तीन घरी आणून दाखवला. मग पाच.

"ह्यो चकव्यात गावला," ती लगेच म्हणाली.

मग सात. चिंचोके संपले, मी काडीने जमिनीवर आकडे लिहीत गेलो. ती बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, तुमचं मशीन ह्याच्या मागं किती दिस फिरतं?"

"दिवस नाही, वहिनी. ठरलेला वेळ झाला की ऑपरेटर थांबवतो."

"का? सात आला म्हून?"

"नाही. दुसऱ्यांची कामं खोळंबलेली असतात म्हणून."

ती हसली. बारा वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. "मंग मलाच कोन थांबवंना व्हय?" म्हणाली, आणि संध्याकाळी चुलीपुढे तिने आईला स्वतःच सांगितलं. "आत्याबाई, माज्यानं आता वाट बघनं न्हाई व्हायचं." आई तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच बसली.

पुणतांब्याला गोदावरीच्या वाळूत विधी झाला. पानांचे हातपाय, नारळाचं डोकं. अग्नी मी दिला. नारळ तडकला तेव्हा आबांनी माझं मनगट धरलं; गुरुजींनी बजावलं होतं, आता मागं बघायचं नाही. आम्ही कुणी बघितलं नाही. वहिनीने आधीच कपाळ पुसलं होतं.

परत आलो तर घराला आतून कडी. आई विधीला आली नव्हती. तिने कडी काढली, आम्हाला आत घेतलं आणि पुन्हा लावली. "ज्येचं दिस घालायचं त्येच्यासाठी दार उघडं ठिवत न्हाईत," म्हणाली. "आन आता तिसऱ्या हाकेबिगर कुनी ओ देऊ नका."

पुढे वहिनीचा पाट लागला. ती केडगावला सुखात आहे. त्या माणसाची आधीची छोटी मुलगी तिला सोडत नाही म्हणतात. मी मुंबईत आहे. गाव सोडलेल्यांना वाटतं, घर म्हणजे परत जाता येईल अशी जागा. मलाही वाटायचं. आता वाटतं, जिथे आपली हाक ओळखणारं कुणी दाराआड आहे, ते घर. मी दूर आहे खरा, पण माझ्यासाठी तसं कुणी आहे. दादासाठी तसं कुणी आम्ही ठेवलं का, हे मला ठरवता येत नाही. बरोबर केलं असंही वाटतं. सात मी अधूनमधून अजून चालवतो. परेरा नको म्हणत नाही, पण ट्रान्झिस्टर बंद करतो.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वस्तीवरचे साहेबरावकाका कामासाठी मुंबईला आले होते. आईने दिलेलं भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन ते वसतिगृहावर आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "तुज्या आईनं सांगू नको म्हन्लंय. पर सांगतो. दिस मावळता हाक आली. तुज्या दादाची, मोटंवरची. म्या बी आयकली, बांधावरून. एकदा आली, दुसऱ्यांदा आली. तुजी आई आतून कडीला हात लावून उभी, तिसरीची वाट बघत."

"मग?"

"न्हाई आली. कडी काढली तवा कुनी न्हवतं. चांद्या तेवढा दावं तोडून वाटंवर उभा हुता, तोंड घराकडं न्हाई, जानाऱ्या वाटंकडं."