दोन सर्व्हर आणि डाग्नीचा जादा प्रश्न

डाग्नी क्रोगला दोन जातींचे बटाटे दाखवून "यातले बरे कुठले?" असं सहज कोणी विचारत नसे. ती दोन्ही घरी नेई, एकाच पातेल्यात, एकाच मिठाच्या पाण्यात उकडी आणि मगच तोंड उघडी. तोवर विचारणाऱ्याचं जेवण होऊन भांडीसुद्धा घासून झालेली असत. गाव तिची थट्टा करी. पण काही मोठं विकत घ्यायचं झालं की तिच्याच दारात येई.

तिचे वडील आमच्या सहकारी दूध संघात वजनकाट्यावर होते. शाळा सुटल्यावर ती दुधाची फॅट मोजायच्या खोलीत कामाला लागली. पुढे संघाने कॉम्प्युटर घेतला आणि दुसऱ्या कोणाला नको होता म्हणून तो तिच्या गळ्यात पडला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शुक्रवारी गावच्या सभागृहात नाच असे, तेवढी एक चैन. नाचात तिचा जोडीदार ठरलेला होता, एस्बेन टोफ्ट. दोघांची गती एकच, म्हणजे वाजवणाऱ्यांपेक्षा थोडी कमी.

या एस्बेनचा गावाबाहेर कारखाना होता. कारखाना म्हणजे डुकरं ठेवायची जुनी शेड, त्यात सहासात माणसं सुट्या भागांतून सर्व्हर जोडायची. नव्वदीच्या दशकात असे छोटे जोडणारे डेन्मार्कात, आमच्या पश्चिम जटलंडात पुष्कळ होते आणि एकेक करून बुडतही होते. एस्बेन बुडत आला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण त्याची बायको सिग्ने उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी निवडता निवडता डाग्नीपाशी बोलून गेली, "एखादं मोठं काम मिळालं नाही तर तो नाताळाआधी कुलूप लावणार आहे. मी बोलले म्हणून सांगू नकोस." डाग्नीने सांगितलं नाही.

त्याच शरदात संघाचा जुना सर्व्हर थकला. महिनाअखेरीला चारशे गोठ्यांच्या दुधाचा हिशेब करताना तो इतका रेंगाळायचा की शेतकऱ्यांचे फोन सुरू व्हायचे. नवा घ्यायचं ठरलं आणि दोन यंत्रं चाचणीला आली. एक कोपनहेगनच्या बड्या कंपनीचं, सोबत चकचकीत माहितीपत्रक, पानोपानी 'अतुलनीय'. दुसरं एस्बेनचं. त्याच्याबरोबर एक साधा कागद आणि त्यावर एक ओळ: 'दूध संघाच्या कामाला पुरेल.'

आता यात एस्बेनला हसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे आपल्या मालाची टिमकी आपणच वाजवणं म्हणजे लोकांत उघडं फिरण्यासारखं. ज्याला हवं असेल तो विचारेल. आणि विचारणारा म्हणतो, सांगायचं असतं तर त्याने सांगितलं नसतं का? अशा रीतीने दोन भली माणसं जन्मभर मूग गिळून शेजारी राहू शकतात.

डाग्नीचा एक नियम होता. प्रश्न आधी ठरवायचे, संचालक मंडळापुढे ठेवायचे आणि यंत्र खोलीत आल्यावर त्यांना हात लावायचा नाही. कोण जिंकतंय हे दिसायला लागलं की माणसाचे प्रश्न वाकडे होतात, हे तिने पाहिलं होतं. या वेळी प्रश्न दोनच होते: महिन्याचा हिशेब किती वेळात होतो आणि यंत्राला पैसे किती पडतात.

दोन्हींत एस्बेन हरला. कोपनहेगनचं यंत्र हिशेब उरकून मोकळं व्हायचं, तेव्हा एस्बेनचं अर्ध्यावर असायचं, आणि वर ते महाग. डाग्नीने चाचणी पुन्हा घेतली, यंत्रांच्या जागा बदलून घेतली. फरक पडला नाही.

पण तिला एक कळेना. दोन्ही यंत्रांच्या आतलं सामान जवळजवळ सारखं होतं. मग एस्बेनचं इतकं मागे का? एस्बेन नाचातही मागे राहतो, कारण जोडीदाराचा पाय नीट टेकल्याशिवाय तो पुढचं पाऊल टाकत नाही. त्याचं यंत्रही कशाला तरी थांबत असेल, हे मनात आलं आणि ती उठली. तिने दोन्ही यंत्रांवर हिशेब पुन्हा चालवला. पडद्यावर 'पूर्ण' असं उमटलं की त्याच क्षणी त्या यंत्राची वायर भिंतीतून ओढायची, असं तिने ठरवलं. वायरवर हात ठेवताना तिला पक्कं ठाऊक होतं की आपल्याला कोण जिंकायला हवंय. तिचं तिलाच ते आवडलं नाही. तरी तिने ओढली.

यंत्रं पुन्हा सुरू केली. एस्बेनच्या यंत्रात सगळे गोठे जागच्या जागी होते. कोपनहेगनच्या यंत्रात यादीचं शेपूट गायब होतं. ते आकडे पोटात ठेवून 'झालं' म्हणायचं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवायचं. एस्बेनचं मात्र दोन डिस्कवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणतच नव्हतं. वादळात आठवड्याला दोनदा वीज जाणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर हा फरक लहान नव्हता.

तिने आधी कोपनहेगनला फोन केला. विक्रेता गोड बोलला, "त्यावर उपाय आहे ना. बॅटरीचा जादा भाग बसवायचा. त्याचे पैसे वेगळे." ते पैसे धरले तर दोन्ही यंत्रांची किंमत सारखीच होत होती. मग तिने एस्बेनला फोन केला.

"तुझं यंत्र दोनदा लिहितं?"

"हो."

"कागदावर का नाही घातलंस?"

"दूध संघाला पुरेल असं लिहिलंय की."

डाग्नीने फोन ठेवला आणि रिकाम्या खोलीत त्याला एक शिवी दिली.

सर्वसाधारण सभेला सभागृह भरलं होतं. आधी कॉफी, बन आणि केक, मग कामकाज, हा आमचा क्रम. डाग्नीने उभं राहून दोन्ही निकाल वाचले. "ठरलेल्या प्रश्नांत कोपनहेगनचं यंत्र जिंकलंय," ती म्हणाली. पुढच्या रांगेतला शेतकरी ओगोर लगेच टेबलावर हात आपटून म्हणाला, "झालं तर मग. स्वस्त आणि जलद. अजून काय पाहिजे? यंत्राने गायींना पेपर वाचून दाखवायचाय का?" लोक हसले. एस्बेन मागच्या रांगेत चमच्याने केक उकरत होता.

"मी एक चाचणी जादा घेतली," डाग्नी म्हणाली. "निकाल बघितल्यावर घेतली. म्हणजे माझा नियम मी मोडलाय. आणि एस्बेन माझा नाचातला जोडीदार आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा ती धरायची की नाही ते तुम्ही ठरवा." मग तिने वायरची गोष्ट सांगितली, बॅटरीच्या पैशांसकट, आणि बॅटरीवालं यंत्र जलदच राहील हेही सांगितलं.

चेअरमन क्नूड मान खाजवत म्हणाला, "शर्यत संपल्यावर नवा खांब रोवायचा, हे बरं दिसत नाही, डाग्नी."

"नाहीच दिसत."

"कोणाचं दूध गेलं?" मागून एका बाईने विचारलं.

"यादीच्या शेवटचे अकरा गोठे," डाग्नी म्हणाली. "शेवटचा ओगोर."

ओगोर हे त्याचं आडनाव, आणि त्यातला पहिला 'ओ' हे आमच्या वर्णमालेतलं अगदी शेवटचं अक्षर. शाळेत दूध मिळण्यापासून लष्करात बूट मिळण्यापर्यंत त्याचा नंबर कायम शेवटी. तो वळला. "माझं? महिन्याचं सगळं?"

"सगळं."

"आणि त्याच्या यंत्रात होतं?"

"थेंब न् थेंब."

सभागृह खदखदून हसलं. ओगोर हसला नाही. "मी म्हणतो, ती चाचणी धरावी," तो म्हणाला. क्नूडने हात वर करायला सांगितले. डाग्नीने आपला हात खालीच ठेवला. एस्बेननेही. बाकीचे मोजायची वेळच आली नाही, एवढे हात वर होते.

नंतर गाडीपाशी एस्बेन तिच्याजवळ आला. त्याला आभार मानायचे होते आणि ते त्याला येत नव्हतं. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "सोमवारी कामावरच्या पोरांना सांगणार होतो. कारखाना बंद करतोय म्हणून."

"मला माहीत होतं. सिग्ने बोलली होती."

एस्बेनने तिच्याकडे नीट बघितलं. "कधीपासून?"

"स्ट्रॉबेरी निघाल्या तेव्हापासून."

"मग सभेत का नाही सांगितलंस? तुझा नियम मोडायची गरजच पडली नसती. नुसतं सांगितलं असतंस तरी त्यांनी हात वर केले असते."

"केले असते," डाग्नी म्हणाली. "ओगोरने तर सगळ्यात आधी केला असता. मग दर शुक्रवारी तू त्या सगळ्यांसमोर नाचला असतास का?"

एस्बेनने आधी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"नसतो," तो म्हणाला.