बाहीवरचा त्रिकोण

माझी थोरली जाऊ माणिकबाई राजापेठेत हार विकते. तिचा कोणावर म्हणून विश्वास नाही. झेंडूवर पाणी मारून वजन वाढवलं असेल म्हणून ती टोपली झटकून घेते, आणि मी केलेला चहाही आधी हुंगते. मला याचा राग येतो. यंदा मात्र मला तिची कीव आली.

तिचा मुलगा सागर फौजेत आहे. त्याच्या वर्दीच्या बाहीवर चौकोनी बिल्ला असायचा, त्यावर काळा घोडा.

"यावर नाव कावून नाई लिहलं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"कोनती तुकडी हाय ते दुश्मनाले समजू नये म्हनून," सागर म्हणाला होता. "आपला मानूस चित्रावरूनच ओळखते."

तिला हे फार आवडलं होतं. ती बाही ती हलक्या हातानं धुवायची.

या सुट्टीत वर्दी धुवायला घेतली, तर बाही रिकामी. नुसती सुईची भोकं, आणि मध्ये न विटलेलं कापड. तेही त्रिकोणी, चौकोनी नव्हे.

"याले फौजेतून काढलं वाटते," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "बिल्ला हिसकून घेतला."

सागरला विचारलं, तर तो ताटाकडे बघत म्हणाला, "उसवला होता." झालं, एवढं तिला पुरलं. तो बाहेर पडताच तिनं त्याची बॅग उपसली. मी नको म्हणत होते, पण ऐकते कोण. मोज्यांच्या गुंडाळीत त्रिकोणी बिल्ला निघाला. पांढरं शिखर, त्यावर लाल कुऱ्हाड.

तिनं ते शिखर लगेच ओळखलं. अचलपूरला तिच्या बहिणीच्या घरी मोतीरामचा वर्दीतला फोटो आहे. बहिणीचा हा मुलगा पहाऱ्यावर असताना बर्फाखाली गाडला गेला. फोटोला दरवर्षी हार हीच नेते, आणि त्याच्या बाहीवरचं हेच शिखर झाकू नये म्हणून मुद्दाम आखूड ओवते. म्हणजे सागरची बदली आता त्याच बर्फात झाली होती, आणि तो ते आईपासून लपवत होता.

 निघायच्या दिवशी सागरनं वर्दी उलगडली. बाहीवर त्रिकोण शिवलेला होता, हार ओवायच्या पांढऱ्या दोऱ्यानं.

"आई, तुले कसं..."

"दुश्मनाले समजू नये म्हनून नाव नाई लिहत म्हने," ती म्हणाली. "मी तुई दुश्मन आहो का?"

 तिनं टाका ओढून पाहिला. मग पुन्हा ओढून पाहिला. तिचा स्वतःच्या हातावरही विश्वास नव्हता.