फुटका आरसा, गरिबांसाठी

निखिलचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला कोलशेतच्या घरी त्याच्यासाठी डबा भरत होते. हॉस्पिटलमधून सकाळीच आले होते. अंघोळ करून, पोळीभाजी घेऊन परत डोंबिवलीला निघायचं, असं ठरलं होतं. “आत्या...” एवढंच तो म्हणाला. मला कळलं. मी डब्याचं झाकण लावलं, डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसले. रडू आलं नाही, राग आला. शांत झाल्यावर लिहावं म्हणून मी इतके आठवडे थांबले, पण तो राग काही गेलेला नाही. तेव्हा आता तसंच लिहिते.

मंदावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको, निखिलची आई, गेली. दाखल्यावर डॉक्टरांनी रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असं कारण लिहिलं आहे आणि ते बरोबरच आहे. तिला मधुमेह होता, हेही खरं. पण मला कुणी विचारलं तर मी सांगते, वहिनी फुटक्या आरशाने गेली. कुणीतरी तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळला, जुन्या चादरींच्या मधोमध ठेवला, पिशवीवर जाड पेनने ‘गरिबांसाठी’ असं लिहिलं आणि पिशवी तिच्या दाराशी ठेवून दिली.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे वहिनी म्हटलं तरी ती मला पहिल्यापासून अगं-तुगंच. डोंबिवलीत ती शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली आणि लगेचच दादाला अर्धांगाचा झटका आला. तो काही वर्षं अंथरुणावर होता. डोंबिवलीजवळ कोपरला त्यांच्या दोन खोल्यांत पाठीकडून वर होणारी कॉट, हवेची गादी, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची असं सगळं हळूहळू जमत गेलं. दादा गेल्यावर दिवसकार्य आटोपलं नाही तोच नातेवाइकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. भंगारवाल्याला बोलव, घर मोकळं कर, डोळ्यांसमोर नको ते. वहिनी म्हणाली, सगळं चालतंय अजून, भंगारात कशाला? तिच्या शाळेतले एक जुने क्लार्क टिटवाळ्याला राहायचे. त्यांच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती जमिनीवरच्या गादीवर पडून होती, असं तिच्या कानावर आलं. तिने टेम्पो ठरवला आणि मलाही बरोबर घेतलं.

टिटवाळ्याला नव्या इमारतीची लिफ्ट अजून सुरू झालेली नव्हती. कॉट सुटी करून वर न्यावी लागली. जोडून झाल्यावर मला वाटलं, आता त्या बाईंना उचलून ठेवायचं. पण वहिनी आधी स्वतः त्यावर आडवी झाली आणि मला हँडल फिरवायला लावलं. वर घे, आता खाली घे, अजून हळू, एवढ्याने तिला कळ येईल. मग तिने कुठल्याशा सांध्याला तेल सोडलं आणि पुन्हा आडवी झाली. त्या बाई खालून बघत होत्या. त्यांना कॉटवर घेतलं, पाठ वर केली, तेव्हा त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. किती तरी आठवडे त्यांना फक्त छत आणि लोकांचे पाय दिसले होते. येताना आम्ही लोकलने निघालो. कल्याणला उतरता उतरता वहिनी म्हणाली, “घरात अजून बरंच आहे, शुभा.”

असं ते सुरू झालं. संस्था नाही, नाव नाही, पावती नाही. आजारपण सरलेल्या घरातून वस्तू यायची, वहिनी ती डेटॉलच्या पाण्याने पुसायची, वॉकरच्या पायांना नवी रबरं बसवायची आणि ती वस्तू दुसऱ्या आजारपणाच्या घरी जायची. पुढे कपडे, भांडी, मिक्सर, पंखे, शाळेची दप्तरंही येऊ लागली. सोसायटीने तळमजल्यावरची एक रिकामी खोली तिला वापरायला दिली. साडी आली की तिचा ब्लाउज वहिनी साडीच्या घडीतच पिनेने लावून ठेवायची. घेणाऱ्या बाईला ढिगात ब्लाउज शोधत बसायला लागू नये म्हणून.

लोक आता तिला मायाळू म्हणतात. मायाळू होतीच, पण ज्याला वस्तू हवी असायची त्याच्याशी. देणाऱ्यांशी ती अतिशय कडक होती आणि ते आज कुणालाच आठवत नाही. एकदा एक गृहस्थ गाडीतून चाकाची खुर्ची घेऊन आले. दान करायची आहे म्हणाले आणि फोटो काढायला मोबाइलही बाहेर काढला. वहिनीने खुर्ची इमारतीच्या उताराच्या तोंडाशी नेली आणि म्हणाली, “बसा.”

ते हसले. “मी?”

“तुम्हीच. बसा आणि ब्रेक लावा.”

ते बसले नाहीत. ब्रेक लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. वहिनीने खुर्ची परत त्यांच्या डिकीत ठेवायला लावली. दुरुस्त करून आणा, मग बघू, असं सांगितलं. ते परत आले नाहीत. फोटोसाठी दुसरीकडे गेले असतील.

असे कितीतरी. एका पायाची चप्पल, इलॅस्टिक सैल झालेल्या चड्ड्या, मुदत उलटलेल्या औषधांच्या बाटल्या, पानं फाटलेली गाइडं, हँडल नसलेला कुकर... एकदा एका खोक्यात उष्टे कागदी कप आले. खोक्यावर कुरिअरची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर पत्ता. वहिनी खोकं घेऊन त्या पत्त्यावर गेली, बेल वाजवली आणि बाईंना म्हणाली, तुमची वस्तू आमच्याकडे राहिली होती. हे सांगताना तिला हसू येत असे, पण मला हसू यायचं नाही. साठी उलटलेल्या बाईने लोकांचा कचरा वाहून त्यांच्या घरी का पोचवायचा? मी तसं म्हटलं की ती चिडायची. म्हणायची, घंटागाडीत टाकायची वस्तू ते माझ्या खोलीत टाकतात, कारण घंटागाडीत टाकली तर तो कचरा होतो आणि माझ्याकडे टाकली की ते दान होतं. वस्तू तीच असते गं.

मग ती खोलीही गेली. सोसायटीचे सेक्रेटरी सामंत यांनी मीटिंगमध्ये मांडलं की बाहेरची माणसं सारखी आत येतात, प्रवेशद्वाराशीच असला पसारा बरा दिसत नाही, फ्लॅटच्या भावावर परिणाम होतो. हात वर झाले. ज्यांच्या घरचे आजाऱ्यांचे पलंग, आजीच्या खुर्च्या वहिनीने निस्तरल्या होत्या, त्यांचेही हात त्यात होते. वहिनीने वाद घातला नाही. सगळं सामान वर घरात आणलं आणि दादाच्या खोलीत लावलं. खोली बंद झाली तशी घेणाऱ्यांना अडचण झाली. देणाऱ्यांना मात्र सोयच झाली. आता दार तिचं होतं, बेलही वाजवायची गरज नव्हती. पिशवी ठेवायची आणि लिफ्टने खाली जायचं.

दिवाळीच्या आधी सगळ्या घरांतून आवराआवर सुरू होते आणि त्या दिवसांत तिच्या दाराबाहेर पाय ठेवायला जागा नसे. या वर्षीही तसंच झालं. त्या ढिगात ती पिशवी होती. वहिनीने चादरी बाहेर काढल्या, मधल्या अभ्र्यात हात घातला आणि काच तिच्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी खोल गेली. फुटका आरसा घरात ठेवू नये म्हणतात. तो दुसऱ्याच्या घरात चालतो, त्यातून तो दुसरा गरीब असेल तर आणखीच चांगलं. कचऱ्यात टाकतानासुद्धा काच वर्तमानपत्रात गुंडाळायची, चिकटपट्टी लावायची, वर लाल खूण करायची, हे वहिनीने त्या इमारतीत घरोघरी जाऊन सांगितलं होतं. आणि त्याच इमारतीत...

त्या दिवशी तिचा फोन आला. हात धुऊन हळद दाबली, फडकं बांधलं, म्हणाली. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, तर तिचं दुसरंच चाललं होतं. पिशवीवर ना चिठ्ठी, ना पत्ता. “भांडायला तरी नाव हवं गं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता, पण थकलेलाही होता. तसा मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

चार-पाच दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. ताप चढला. शेजारणीने तिला हॉस्पिटलात नेलं, निखिल पुण्याहून आला, मी ठाण्याहून जाऊन-येऊन राहिले. जखम उघडून साफ केली, औषधं बदलली, आणि तरी ते पुढेच सरकत राहिलं. ती नीट बोलली असा शेवटचा दिवस मला आठवतो. मी आत गेले तेव्हा ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली आहे. मग एकदम म्हणाली, दादाच्या खोलीत दाराजवळ वॉकर ठेवलाय, तो शास्त्रीनगरच्या आजोबांचा, त्यांना मंगळवारी घरी सोडणार आहेत. मी म्हटलं, पोचवते, तू पड. ती म्हणाली, “उंची बघून दे. वाकून चालायला लागता कामा नये.” वॉकर मी पोचवला. उंचीही लावून दिली. परत आले तेव्हा तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं.

ती गेल्यावर दहा-बारा दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, सतरंज्या. सामंत बोलायला उभे राहिले. मंदाताई म्हणजे गोरगरिबांची आई, म्हणाले. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, जे दिलं ते हसत स्वीकारलं. माना हलत होत्या. निखिल खाली बघत होता. मला बसवेना. मी उठले आणि सांगितलं की माझ्या वहिनीने आलेल्यातलं निम्मं नाकारलं. तिला खोली होती, ती तुम्ही काढून घेतलीत. आणि ती कशाने गेली हे तुमच्यापैकी एकाला तरी माझ्याहून नीट ठाऊक असणार, कारण तो आरसा कुणाच्या तरी भिंतीवर होता, याच इमारतीत किंवा पलीकडच्या. कुणी वर बघितलं नाही. सामंत म्हणाले, ताई, ही वेळ नव्हे. मग वेळ कुठली? मी विचारलं. ते बसले. चहा आला आणि लोक चहाचे कप घेऊन हळूहळू निघून गेले.

दुसऱ्या दिवशी निखिल आणि मी घर आवरायला गेलो. दारावर मोठं कुलूप होतं, वर तिच्या निधनाचा कागद अजून चिकटवलेला होता, आणि खाली पिशवी होती. फुगलेली, गाठ मारलेली. निखिल म्हणाला, आत्या, राहू दे, मी कचऱ्यात टाकतो. मी नाही म्हटलं. पिशवी उचलून लिफ्टने खाली नेली आणि येण्याजाण्याच्या वाटेवर, टपालपेट्यांच्या खाली, लादीवर एकेक वस्तू मांडली. पिवळे पडलेले बनियन. डाग पडलेला टेबलक्लॉथ. बूड फुटलेली पाण्याची बाटली. कुणाच्या तरी नातवाचा पाय तुटलेला प्लॅस्टिकचा घोडा. काचा नव्हत्या, एवढंच. सामंत आले. पाहुणे येतात, बरं दिसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, बरं दिसत नाहीच. ज्याचं आहे त्याने न्यावं. मी वर गेले आणि काम करत राहिले. संध्याकाळी खाली आलो तेव्हा लादी स्वच्छ होती. कोणी नेलं, ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर दाराशी एकही पिशवी आली नाही.

दादाच्या खोलीतलं सामान आम्ही घरं शोधून पोचवलं. नंतर आलेली एक कॉट कल्याणला गेली, चाकाच्या खुर्च्या अंबरनाथकडे. ते सोपं होतं, कारण सगळं पुसलेलं, तपासलेलं होतं. अवघड होतं ते वहिनीचं स्वतःचं कपाट. उघडलं तर त्यात जवळजवळ काही नव्हतंच. नेसायच्या मोजक्या साड्या, त्याही फॉल शिवून, ब्लाउज घडीत लावून, कुणालाही लगेच देता याव्यात अशा. त्या गेल्या. राहिला तो तिचा घरातला गाऊन. मूळचा निळा असावा. कोपरांवर विरलेला, गळ्याशी दोनदा शिवलेला, उजव्या बाजूला तिने स्वतः लावलेला मोठा खिसा. तो कुणाला द्यावा असा मुळीच नव्हता. वहिनीने तो हातात घेऊन उजेडात धरला असता आणि परत पाठवला असता.

तो मी घरी आणला. सकाळी स्वयंपाक करताना घालते. लेक म्हणाली, आई, किती फाटलाय, टाक ना तो. मी तिच्यावर ओरडले, इतक्या जोरात की ती दचकली. मग मी वहिनीने लावलेल्या त्या खिशात क्षणभर हात घातला आणि कणीक मळायला उभी राहिले.