बारावा शिक्का

कुणी मारलेलं बिरदेव विसरायचा, पण कुणी हसलेलं विसरायचा नाही. शाळेत ज्या मास्तरांनी त्याला ‘मेंढक्या’ म्हणून वर्गाला हसवलं होतं, ते वारले तेव्हा सगळी वाडी त्यांच्या दारात गोळा झाली, आणि हा पठ्ठ्या विहिरीवर आरामात अंगाला साबण लावत बसला. असा डूख धरणारा माणूस. वाडी आटपाडीच्या पलीकडची, बाप तानाजी जन्मभर मेंढरांमागे फिरलेला. बिरदेव मात्र दहावी नापास होऊन मिरजेला आला आणि एका दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये लागला. गेली एकोणीस वर्षं तो लोकांचे मोडलेले पाय धरत होता.

तिथंच हाडांचे डॉक्टर देवदत्त होते. बिरदेवपेक्षा चार वर्षांनी लहान, अंगानं सडपातळ, हात कमालीचा चांगला. माणूस राक्षस नव्हता. पण घरी कुणाशी बिनसलं की वड्याचं तेल वांग्यावर निघायचं, आणि वांगं म्हणजे बिरदेव. स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायची सवय. ‘धर, वर धर, अजून वर, झोपलास का?’

गेल्या डिसेंबरात सांगलीच्या सायकल क्लबाची चिठ्ठी दवाखान्याच्या फलकावर लागली. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. बारा महिने, बारा वेळा, ओळीनं. एक महिना चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून. डॉक्टर स्वतः नाव देणार होते. बिरदेव पेशंटाचा पाय धरून उभा होता, सहज विचारून गेला, “सर, कुणालाही येता येतं काय यात?”

“येतं की,” डॉक्टर पट्टी गुंडाळत म्हणाले. “पण सायकल म्हणजे मेंढरं नव्हेत बिरदेव, मागून चालत राहिलं की झालं असं नसतं.”

सिस्टर स्वप्नाली हसली. पाय मोडलेला पेशंटसुद्धा कण्हताकण्हता हसला. बिरदेव हसला नाही. त्याच आठवड्यात त्यानं सांगलीतून जुनी गिअरची सायकल आणली आणि क्लबात नाव घातलं. बायको मंगल म्हणाली, “आवं, ह्या वयात कुणाला दावायचं हाय?” कुणाला ते तिलाही ठाऊक होतं.

मग जे वर्ष सुरू झालं त्याला व्यायाम म्हणणं म्हणजे भाबडेपणा. ते भांडण होतं, फक्त तोंडानं केलेलं नव्हतं. जानेवारीत बिरदेव वाऱ्याच्या आडोशाला डॉक्टरांच्या चाकामागे लागला, तर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “माझ्या मागे चिकटू नकोस, आपला वारा आपण कापायचा.” फेब्रुवारीत शनिवारची रात्रपाळी बिरदेवच्या नावावर पडली. मार्चमध्येही पडली. एप्रिलमध्ये पडली तेव्हा पाळ्यांचा तक्ता कोण करतं हे त्यानं विचारलं नाही. तो सकाळी दवाखान्यातून थेट सुरुवातीच्या चौकात यायचा, डोळे तांबारलेले, आणि दोनशे किलोमीटर रेटून परत जायचा. बिरदेव तरी कुठं साधुसंत? प्लास्टरचं पाणी कोमट ठेवायचं असतं, म्हणजे ते लवकर घट्ट होतं. सोमवारी डॉक्टरांचे पाय दुखत असले की हा मुद्दाम गार पाणी ठेवायचा. डॉक्टर हात वर धरून ताटकळत राहायचे, आणि हा कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात मिनिटं मोजायचा.

जुलैत विट्याच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरांचं खांड आडवं आलं. बिरदेव उतरला, सायकल कडेला लावून उभा राहिला. बाप सांगायचा, “खांड म्हंजी वाहतं पानी हाय रं. वाट बघायची, फोडायचं न्हाई.” फुटलेल्या खांडातली पोरकी कोकरं मग आयांच्या नावानं दिवसभर ओरडत बसतात, कधी कधी आई ओळखत नाही. डॉक्टर घंटी वाजवत सरळ आत घुसले. पलीकडून धनगराचं कुत्रं आलं, त्यानं त्यांचा मोजा फाडला आणि डॉक्टर एका एडक्यावर आडवे झाले. बिरदेवला तो दिवस सणासारखा गेला.

“सर,” तो मोठ्यानं म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाईल असं, “खांड फोडत नसतात. उतरून उभं राहायचं. आपसूक सरतं.”

“तुझा सल्ला मी मागितला नव्हता,” डॉक्टर धूळ झटकत म्हणाले.

असं करत अकरा महिने झाले. जानेवारीत निघालेले चौतीस जण, डिसेंबरात न चुकता टिकलेले दोनच. एक डॉक्टर, एक बिरदेव. क्लबात कुजबुज होती की प्रमाणपत्रं दोघांना एकदम द्यायची. बिरदेवला एकदम नको होतं. पहिलं येणं, मागचं येणं असं या प्रकारात काही नसतं, वेळेत आला तो आला. हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. मंगल तर म्हणाली, “दोनशे किलोमीटर राग वाहून नेताय. सायकलीवर डबा जड हुतो म्हनता आनि ह्यो जड हुईना?”

बारावा रस्ता सांगली, तासगाव, विटा, मायणी, वडूज, औंध आणि परत. औंधला स्टँडजवळच्या हॉटेलात क्लबाची ज्ञानदा शिक्का घेऊन बसणार, बारा चाळीसपर्यंत. त्यानंतर आलेल्याच्या कार्डावर शिक्का नाही, शिक्का नाही तर महिना नाही. सकाळी सहाला सुटले. तासगावची द्राक्षं अजून हिरवी, कठीण होती, बागांत फवारणीचा वास होता. विट्याआधी बिरदेवच्या चाकात बाभळीचा काटा गेला आणि पंक्चर काढेपर्यंत डॉक्टर दिसेनासे झाले. मग हा पेटला. मायणी, वडूज त्यानं पाणीही न पिता काढलं. वडूज मागे पडलं आणि समोर औंधचा यमाईचा डोंगर दिसायला लागला, तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. अकरा किलोमीटर उरलेले, हातात पन्नास मिनिटं. निवांत गेला असता तरी शिक्का मिळाला असता. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे त्यानं केलं ते घड्याळासाठी केलं नाही.

वळण संपलं आणि रस्ताभर मेंढरं. दोनशेच्या वर असतील, ज्वारीच्या रानातून निघून पलीकडच्या माळावर चाललेली. आणि अलीकडे, रस्त्याच्या कडेला, सायकल मांडीला टेकवून, डॉक्टर देवदत्त उभे होते.

उभे होते. घंटी नाही, ओरडणं नाही. माणूस जुलैत शिकलेला होता.

बिरदेवला दिसलं ते एवढंच, की तो थांबलाय आणि आपण पुढे जाऊ शकतो. माझी जात मेंढरांची, ती मला वाट देतील, असं त्याच्या डोक्यात आलं. लहानपणी बापासारखी जीभ टाळ्याला लावून तो ‘हुर्रर्र, हर्र’ करायचा आणि मेंढरं दुभंगायची. त्यानं वेग कमी केला नाही. डॉक्टरांच्या शेजारून जाताना त्यांच्याकडे बघितलं, अगदी बघून घेतलं, आणि ‘हुर्रर्र’ करत आत शिरला.

खांड ओळखतं ते फक्त आपल्या धन्याचा आवाज. परक्या तोंडची तीच हाळी आली की मेंढरं दुभंगत नाहीत, घाबरून एकमेकांत घुसतात. बिरदेव हे सात वर्षांचा असल्यापासून जाणत होता. एकोणीस वर्षं प्लास्टर रूममध्ये काढली, म्हणून विसरला, असं म्हणावं तर तेही खरं नाही. रागात माणसाला आधी आपलंच विसरायला होतं. मेंढरं चहूबाजूंनी त्याच्यावर आली, पुढचं चाक कशात तरी गेलं, बारीक ‘कट्’ असा आवाज आला. तो आवाज काय आहे हे त्या माळावर त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. तो पडला तो पाय मोडलेल्या एका कोकराशेजारीच.

मागून एक म्हातारी काठी टेकत आली. नाव हरणाबाई, ते पुढं कळलं. तिचा मुलगा खांडाच्या तोंडाशी होता, तो फुटलेली मेंढरं गोळा करायला धावला. म्हातारीनं कोकराचा पुढचा पाय चाचपला.

“आमच्यावानी वरडत आलास,” ती म्हणाली. “शेरातली पोरं येता-जाता नक्कल करत्यात, ती ठावं हाय मला. पर तुजं वय न्हाई तेवढं. चेष्टा करतोस व्हय रं आमची?”

चेष्टा नव्हती, असं सांगायचं तर मग काय होतं ते सांगावं लागलं असतं. बिरदेवनं पिशवीतून टायर काढायच्या दोन पट्ट्या घेतल्या, पायाच्या दोन बाजूंना लावल्या, बँडेजनं आवळायला लागला. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात नीट बांधलेला पाय असेल. हरणाबाईनं तो सोडला, पट्ट्या रस्त्यावर फेकल्या, बाभळीच्या दोन ढलप्या घेतल्या आणि लुगड्याची चिंधी फाडून स्वतः बांधला.

“कोकरं वाह्यचं घोडं फुडं वाड्यावर गेलंय,” ती म्हणाली. “ज्यानं पाडलं त्यानं उचलायचं. का ह्ये बी सांगाय लागंल?”

सांगायला लागणार नव्हतं. बापाचाही हाच कायदा होता. बिरदेवनं कोकरू मानेवर घेतलं आणि चारी पाय छातीशी एका मुठीत धरले. एव्हाना खांड पलीकडे सरलं होतं, रस्ता मोकळा झाला होता. डॉक्टर सायकलवर चढले. शेजारून जाताना थांबले नाहीत, नुसतं म्हणाले, “मी थांबलो होतो.”

शिवी दिली असती तर बिरदेवनं ती वर्षभर पुरवून खाल्ली असती. ह्याचं काय करायचं ते त्याला कळेना. डॉक्टरांचा पिवळा सदरा डोंगराच्या दिशेनं लहान होत गेला.

वाडा, म्हणजे मेंढरं बसवायचा तळ, माळावर दीड कोसावर होता. सायकल बाभळीला टेकवून ठेवली आणि सायकलच्या गुळगुळीत तळाच्या बुटांनी तो ढेकळांतून चालायला लागला. पहिल्यांदा दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा हात मोकळा नव्हता. कोकराचं काळीज त्याच्या मानेवर फडफडत होतं आणि मुताची ऊब पाठीवरून उतरत होती. अकरा महिने, चौतीसातले दोन, रात्रपाळीवरून निघालेल्या पहाटा, सगळं गेलं, आणि ते त्या माणसानं घालवलं नव्हतं. बिरदेवला रडू येत होतं, पण ते रागाचं होतं आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं.

वाड्यावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. कोकरू आईपाशी सोडलं. मेंढीनं हुंगलं, थोडा वेळ विचार केला आणि जवळ घेतलं. हरणाबाई त्याच्याकडे बघत होती.

“धराय बरं येतंय की तुला.”

“दवाखान्यात असतो मी,” बिरदेव म्हणाला. शुद्ध बोलला, शिकलेल्या माणसासारखा. स्वतःचा तो आवाज त्याला ओळखू आला नाही.

“नाव काय?”

वाड्याच्या तोंडाशी दगड मांडून भंडारा वाहिला होता. मेंढरांचा देव तिथं बसला होता, त्याचंच नाव बापानं पोराला ठेवलं होतं. पहिलं पोरगं जगलं म्हणून नवस फेडून ठेवलं होतं. ते नाव ह्या बाईपुढे, ह्या दगडापुढे, ह्या कोकराच्या बांधलेल्या पायापुढे घ्यायचं?

“देवदत्त,” तो म्हणाला.

“शेरातलाच.” म्हातारीचा आवाज एकदम निवळला. “मग तुला तरी कुनी शिकीवलं आसंल बाबा? आमच्यातला आसतास तर काठीनं फोडला आसता. बस, ताक पी.”

तो बसला. लोट्यातलं ताक त्यानं शेवटपर्यंत प्यायलं, कारण नको म्हणायला तोंड नव्हतं. ताक आंबट होतं. अगदी घरच्यासारखं आंबट.

सोमवारी प्लास्टर रूममध्ये बादलीत पाणी कोमट होतं. डॉक्टरांनी हात घातला आणि पट्टी भिजवली. बारावा शिक्का त्यांच्या कार्डावर बसला होता, स्वप्नालीनं पेढे वाटले होते, बिरदेवनंही एक घेतला होता आणि खिशात ठेवला होता. एका पोराचा पाय धरून दोघे समोरासमोर उभे राहिले. पट्टीचे तीन वेढे झाल्यावर डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “कोकरू?”

“जगंल.”

“आणि ती म्हातारी? काय म्हणाली?”

बिरदेव पाय तसाच धरून राहिला, जितका वर हवा तितका.

“तुम्हाला माफ केलं म्हणाली,” तो म्हणाला आणि बादली बदलायला गेला.