रात्री काय होतं ताटात?

सकाळी दूध घेऊन परत येताना इमारतीच्या फाटकाशी अण्णा उभे असत. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, एक हात फाटकाच्या कडीवर. कडी काढायच्या आधी ते विचारत, "रात्री काय होतं ताटात?"

नमस्कार नाही, पावसापाण्याची गोष्ट नाही, थेट ताट. आणि "भाजी-भाकरी" एवढ्या उत्तरावर कडी निघत नसे. भाजी कसली? कूट घातलं होतं का? लसूण ठेचून का चिरून? मी मूळचा लोह्याकडचा. खाण्यावर बोलायचा मला कधी कंटाळा नाही. पण तोंडसुद्धा धुतलेलं नसताना, हातात गळकी दुधाची पिशवी धरून, कालच्या वांग्याची साक्ष द्यायची म्हणजे माझ्याही जिवावर यायचं.

अण्णा उदगीरचे, लिंगायत. नांदेडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या घरात अंडंही कधी आलं नव्हतं. तरी आमच्याकडं मटण झालं म्हटलं की चौकशी दुप्पट व्हायची. रस्सा पातळ का घट्ट? मसाला घरचा का? एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, तुम्हाला काय करायचंय आमच्या रश्श्याचं?"

"खायाचं न्हाई मला," ते शांतपणे म्हणाले. "ऐकायला काय झालं?"

तिसऱ्या मजल्यावर एक इंजिनिअर भाड्यानं राहायचा, त्याची बायको लग्न होऊन नुकतीच आली होती. त्या मुलीला हा प्रश्न फार आगाऊ वाटे. तिनं एकदा सांगून टाकलं, "पनीर बटर मसाला." अण्णांनी मान वाकडी केली. "पनीरचा वास जिन्यात आला न्हाई की, पोरी." त्या रात्री दोघांनी पाकिटातल्या शेवया उकडून खाल्ल्या होत्या. ती इतकी चिडली, की तक्रार घेऊन आमच्या घरी आली. तेव्हा माझ्या बायकोनं तिला बसवलं आणि खरं काय ते सांगितलं.

अण्णांना ही खोड आधीपासून नव्हती. त्यांच्या बायकोचं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, आतड्याचं मोठं ऑपरेशन हैदराबादला झालं, आणि तेव्हापासून अक्कांची अन्नावरची वासनाच गेली. घास तोंडात घेत आणि तसाच धरून ठेवत. डॉक्टरांनी बजावलं होतं, की वजन वाढलं तरच पुढची औषधं देता येतील, नाहीतर शरीराला झेपणार नाहीत. म्हणजे अक्का जेवल्या तर जगणार होत्या. इतकं ते सरळ होतं.

म्हणून अण्णा आमची ताटं गोळा करत होते. संध्याकाळी दुकानातून आले की अक्कांच्या पलंगाशी बसत आणि एकेका घराचं जेवण सांगत. "खालच्या घरात येसर आमटी होती. दुसऱ्या मजल्यावर शेखसरांकडं खिमा. पोरीकडं शेवया, पण ती पनीर म्हणली." अक्का डोळे मिटून ऐकत. कुठल्या नावाला चेहरा जरा हलला, की अण्णा चपला घालून निघाले. एकदा आंबाडीच्या भाजीला त्या "हं" म्हणाल्या, तर या माणसानं भर उन्हात सगळी मंडई पालथी घातली. माझ्या बायकोनं कण्या घालून भाजी केली. अक्कांनी दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी अण्णा मला काही विचारायचंच विसरले. "दोन घास," एवढंच म्हणाले आणि कडी काढली.

हे कळल्यावर इंजिनिअरची बायको बदलली. ती रोज काहीतरी शिजवायला लागली, केवळ सकाळी सांगायला असावं म्हणून. खरं सांगतो, आमच्या इमारतीत त्या वर्षी जितकं चांगलंचुंगलं शिजलं तितकं पुन्हा शिजलं नाही.

आता गच्चीबद्दल सांगायला हवं. हिवाळ्यात एखाद्या रविवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर भाजायला बसायचो. सुरुवात त्या इंजिनिअरनं केली. त्यानं ऑनलाइन एक चार पायांची शेगडी मागवली आणि तिला तो बार्बेक्यू म्हणायचा. दुसऱ्या मजल्यावरचे शेखसर, शाळेत गणित शिकवायचे, ते तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ये तो अपनीच सिगडी है. पाय लगाए तो नाम बदल गया क्या?"

भाजण्यावरून जितकी भांडणं होतात तितकी पाण्यावरूनसुद्धा होत नसतील. इंजिनिअरला कोंबडी सॉस लावून, आतून ओलसर हवी. शेखसरांचं म्हणणं, कबाब बोटानं तुटला पाहिजे, दात लागले तर तो कबाब नव्हे. मला दोन्ही पटत नसे. मीठ-तिखट चोळायचं आणि कडा काळ्या होईपर्यंत भाजायचं, चावताना आवाज आला पाहिजे, असं आमच्या शेतावरचं शिक्षण.

अण्णांची शेगडी वेगळी. गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून, ते एका घमेल्यात निखारे घेऊन बसत. त्यांच्या जाळीवर वांगी, कांदे, बटाटे, भुईमुगाच्या शेंगा. चिमटासुद्धा घरून आणलेला, त्याला आम्ही कुणी हात लावायचा नाही. इथवर ठीक होतं. पण अण्णांना काळं चालत नसे. बटाटा जरा करपला की ते सुरी घेऊन खरवडायला बसत. "काळं पोटात जाऊ नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. इतकं खरवडत की उरलेला बटाटा भाजलाय का उकडलाय हे कळायला मार्ग नसे.

"अण्णा, चव सगळी त्या काळ्यातच हाय," मी ओरडायचो.

"चव तुमच्यापाशी ठेवा. पोट माझं हाय."

अक्का बऱ्या होत्या तेव्हा अण्णांशेजारी बसायच्या. खरवडलेल्या सालींचं ताट त्या पदराखाली झाकून खाली घेऊन जात. टाकायला, असं आम्ही धरून चाललो होतो.

ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात आम्ही गच्चीचा बेत सोडून दिला होता. अक्कांनीच निरोप पाठवला, की करा, मला ऐकायला काहीतरी होईल. अण्णांनाही त्यांनीच वर ढकललं. माझी बायको खाली अक्कांपाशी बसली. अण्णांचं घमेल्यात लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळानं जिना उतरून खाली जात, काय काय भाजून झालं ते सांगत आणि गुडघे धरत परत वर येत.

"खाल्लं का काही?" शेखसर विचारत.

"दुधात भाकरी कुस्करून ठेवली हाय. बघून राहिली नुसतं."

त्या भाकरीचीही एक गोष्ट होती. आपल्याकडं भाकरी करपली की ती करणारीच्या ताटात जाते. कुणी ठरवलेलं नसतं, पण जाते. अक्कांच्या ताटातही लग्नापासून तीच जात आली होती. ऑपरेशन झाल्यावर अण्णांच्या मनाला हे फार लागलं. "जलमभर हिनं करपलेलं खाल्लं," ते मला म्हणाले होते, "आता एक डाग दिसू देणार न्हाई." स्वयंपाकाला बाई ठेवली आणि तिला ताकीद दिली, की भाकरी पांढरीशुभ्र पाहिजे. डाग पडला की भाकरी परत. त्या बाईनं कंटाळून आमच्याकडं रडगाणं गायलं होतं, "निस्ती वाफवलेलीच मागतेत वो."

तर त्या संध्याकाळी इंजिनिअरच्या बायकोनं गरम करायला म्हणून एक भाकरी मोठ्या शेगडीवर टाकली आणि गप्पांत विसरली. धूर निघाला, करपल्याचा वास सुटला. अण्णा तिकडून ओरडले, "उचला ती, फेका." तेवढ्यात माझी बायको धापा टाकत वर आली.

"फेकू नका. अक्का मागतायत."

"काय मागतेय?"

"भाकरी करपल्याचा वास आला त्यांना. ती मला आणा म्हणतायत."

अण्णा जागीच उभे राहिले. अन्न मागितल्याचं त्यांनी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मग ते धावत आमच्या शेगडीपाशी आले आणि थांबले. भाकरी कोंबडीच्या जाळीवर होती. तिला कोंबडीचं तेल लागलं होतं. ती अक्कांना कशी द्यायची? त्यांनी हात मागं घेतला. इंजिनिअरची बायको रडवेली झाली.

"रडू नको, पोरी," अण्णा म्हणाले. "माझ्या निखाऱ्यावर दुसरी करतो."

आणि मग आम्ही जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही. आयुष्यभर काळं खरवडत आलेला माणूस घमेल्यापाशी बसून भाकरी करपवायचा प्रयत्न करत होता. आम्ही सगळे भोवती. आणि गप्प कोण बसणार? इंजिनिअर म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या होऊ द्या. शेखसर म्हणाले, "आंच कमी करो, अंदर तक जाना." मी म्हणालो, हलवूच नका. अण्णांना कुणाचंच ऐकू येत नव्हतं. भाकरीला पहिला डाग पडला की त्यांचा हात आपोआप चिमट्याकडं जायचा आणि भाकरी उलटायची. कितीतरी वर्षांची सवय ती. शेवटी जरा तांबूस झालेली भाकरी घेऊन ते खाली गेले. मीही मागोमाग गेलो.

अक्कांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत दिली. "ही कच्ची हाय."

पुन्हा वर. या वेळी अण्णांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. धूर डोळ्यांत जात होता, पण नजर भाकरीवर. कडा काळ्या झाल्या, मधे फोड येऊन तोही काळा झाला. "बास?" मी विचारलं. त्यांनी हात आणखी दाबून धरले. मीच उचलली.

अक्कांनी त्या भाकरीवर कारळाची चटणी घालायला लावली, वर कच्चं तेल. आणि त्या खायला लागल्या. हळूहळू, कडकड आवाज करत, सगळ्यात काळा भाग आधी. अर्धी भाकरी संपली. अण्णा पलंगाशी जमिनीवर बसून बघत होते.

"तुला ही आवडते?"

"मंग."

"मला वाटलं, आमच्यापायी खाती."

"आवडते म्हणून घेत होते. कधीकधी मुद्दाम तव्यावर ठेवायची."

"मंग बोलली कामून न्हाई?"

अक्कांनी बोटाला लागलेली चटणी चाटली. "साऱ्या बिल्डिंगीला विचारून राहिले, रात्री काय होतं. मला कव्हा विचारलं तुम्ही, तुला काय आवडतं म्हणून?"

त्या हसत म्हणाल्या, रागानं नाही. पण अण्णांचा चेहरा मला बघवला नाही. मी गच्चीवर निघून आलो. वर सगळे वाट बघत होते. "अर्धी खाल्ली," मी म्हणालो, आणि शेखसर चष्मा पुसायला लागले.

पुढं अण्णांनी हैदराबादला फोन लावून डॉक्टरांना विचारलं, की करपलेली भाकरी चालेल का. डॉक्टर म्हणाले, जे पोटात जाईल ते जाऊ द्या. स्वयंपाकाच्या बाईला आता उलटा हुकूम मिळाला. तिनं कपाळाला हात लावला. वजन वाढलं, औषधं पुन्हा सुरू झाली. पुढचा उन्हाळा अक्कांनी काढला, पावसाळाही काढला. पुढच्या हिवाळ्यात तर त्या खुर्चीत बसून गच्चीवर आल्या. आम्ही चौघांनी खुर्ची उचलली होती. माझ्या काळ्या तुकड्यांकडं बघून त्या अण्णांना म्हणाल्या, "शिका जरा ह्यांच्याकडून." मला काय सुख झालं म्हणून सांगू.

त्यानंतर दुखणं उलटलं आणि फार दिवस लागले नाहीत.

अण्णा फाटकाशी उभे राहत, पण विचारेनासे झाले. आम्ही सगळे उत्तरं तयार ठेवून जिना उतरायचो आणि कडी नुसतीच निघायची. एकदा न राहवून मीच म्हणालो, "अण्णा, रात्री पिठलं होतं." ते म्हणाले, "बरं." इतकंच. ते पिठलं आता कुणाला सांगायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. थोड्याच दिवसांत त्यांनी दुकान भावाच्या हवाली केलं आणि लातूरला मुलीकडं राहायला गेले.

गेल्या महिन्यात अहमदपूरला एका लग्नाला गेलो होतो, तिथून मुद्दाम पुढं लातूर गाठलं. मुलीनं जेवायला बसवलं. अण्णा वाळले होते, पण सदरा तसाच पांढरा. मुलगी ओट्याशी भाकऱ्या करत आमच्याशी बोलत होती, आणि बोलण्याच्या नादात तिची एक भाकरी करपली. ती तिनं गुपचूप डब्यामागं सरकवली.

अण्णांनी ताट पुढं केलं. "ती इकडं टाक."

"अण्णा, करपली ती. माझ्यासाठी राहू द्या."

"टाक म्हणलं की."

तिनं नाइलाजानं वाढली आणि सुरी घेऊन काळं काढायला वाकली. अण्णांनी भाकरीवर हात आडवा धरला. मग एक तुकडा मोडला, सगळ्यात काळा, आणि बराच वेळ चावत राहिले. कडू औषध घेतल्यासारखं तोंड झालं होतं.

"अण्णा, आवडायला लागली का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "लई कडू हाय. सवय करून राहिलो."

आणि त्यांनी दुसरा घास मोडला.