फुकटची थुंकी

संग्रहालयात त्यांना सगळे कापूसबाई म्हणत. बाहीला, केसांना, चष्म्याच्या काडीला, कुठे ना कुठे कापूस चिकटलेला असायचाच. जुनी चित्रं स्वच्छ करायची हे त्यांचं काम, आणि ते कशाने, तर थुंकीने. हसू नका! काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर हलक्या हाताने फिरवायचा, फेकून द्यायचा, नवा घ्यायचा. जुनी काजळी तोंडाच्या ओलीने जशी निघते तशी महागड्या बाटल्यांनीही कधी कधी निघत नाही. साहेबांची थुंकी झेलणारे कचेरीत पुष्कळ होते. थुंकीचा खरा उपयोग एकट्या बाईंनी केला.

पण निवृत्तीला वर्ष उरलं आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी बाईंचं तोंड कोरडं पडलं. काय म्हणावं या नशिबाला? भिंतभर बंदराचं चित्र अर्धं झालेलं, वरचं आभाळ अजून काळंकुट्ट, आणि बाईंची जीभ खरखरीत. त्यातच एक शिकाऊ मुलगी आली. तिचा हात पाहून बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं, हिला फार शिकवावं लागणार नाही, नुसतं शेजारी बसवलं तरी पुरे. भत्ता मात्र शून्य. अनुभव हाच मोबदला, असं साहेब म्हणत, आणि म्हणता म्हणता बिस्किटं खात.

मुलीच्या घरी फक्त वडील, शिंपीकाम करणारे, आणि त्यांचीही नजर अधू झालेली. तिला चष्म्याच्या दुकानात पगाराची नोकरी लागली, पहिल्या तारखेपासून. तिने चाचरत हे सांगितलं तेव्हा बाई "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून काड्या गुंडाळत बसल्या. ही गेली तर चित्र अर्धंच राहणार, आणि आयुष्यभर हातात मुरलेलं सगळं आपल्याबरोबर निवृत्त होणार. बाईंना रडूच आलं. साहेबांकडे त्या दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा साहेबांनी चहा पाजला, आणि तुम्हीही सुरुवातीला फुकटच केलंत की, असं म्हणून वाटेला लावलं. बाईंना पुढे बोलता येईना, कारण ते खरंच होतं.

अशात देणगी देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष काम पाहायला आले. साहेब पुढे पुढे करत होते. बाईंनी मुलीला शिडीवर चढवलं. तिने काडी जिभेवर ठेवली, आभाळावर फिरवली. काहीच नाही. दुसरी घेतली, तीही कोरडी ठाक. मुलीचे कान लाल झाले. नवीन आहे हो, असं म्हणून साहेब हसले.

बाईंनी मात्र तिच्या ओठांकडे पाहिलं. पांढरे फटक. जेवणाच्या सुट्टीत ही रोज "बाहेर जाऊन येते" म्हणते, पण हिचा डबा कधी कोणी पाहिलाय का?

"जेवलीस?"

"हो, बाई."

"काय जेवलीस?"

मुलगी नवी काडी गुंडाळू लागली. बाईंनी कपाटातून स्वतःचा डबा काढला, तिला खिडकीशी बसवलं आणि पाहुण्यांना सरळ सांगितलं की हिचं जेवण होईपर्यंत काम बंद. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अध्यक्ष वयस्कर आणि मिश्कील. ते स्टूल ओढून निवांत बसले. पोरीने पहिले घास लाजत खाल्ले, नंतर दणकून. चूळ भरून शिडीवर चढली. काडी फिरली, कापूस काळा झाला आणि नखाएवढं निळं आभाळ उघडं पडलं.

ही उपाशी का, असं अध्यक्षांनी विचारलं. साहेबांनी नियम सांगितला, वर बाईंचाच दाखला दिला: यांनीही फुकटच केलं, आज पाहा कुठे पोचल्या!

आता मात्र बाईंना उत्तर सापडलं. रिकामा डबा अजून त्यांच्या हातातच होता.

"फुकट नाही केलं, साहेब. माझी वहिनी नर्स होती. दोन वर्षं मी तिच्या पगारावर जेवले, बसचं तिकीटसुद्धा तिच्याच पैशाने काढलं. संग्रहालयाने दिला नाही तो पगार तिने दिला. हिला वहिनी नाही."

त्याच आठवड्यात मंडळाने भत्ता मंजूर केला, मागच्या महिन्यांसकट. चष्म्याचं दुकान राहिलं बाजूला.

घरी बाईंनी ही हकिगत रंगवून सांगितली. वहिनी आता थकलेली, तरी नणंदेचा डबा अजून तीच भरायची. पूर्वी ती चिडवायची, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस म्हणून. पण तिच्या पैशाने काय झालं हे इतक्या वर्षांत बाईंनी तिला कधी दाखवलंच नव्हतं. ते लक्षात आलं आणि बाईंना स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी त्या वहिनीचा हात धरून तिला संग्रहालयात घेऊन गेल्या.

वर मुलगी काम करत होती. नखाएवढं निळं आता तळहाताएवढं झालं होतं. वहिनीने मान वर करून बराच वेळ पाहिलं, डोळे पुसले.

"माझ्या पैशात एवढंच आभाळ?" ती म्हणाली. "चल गं पोरी, पटपट हात उचल."