फिलाडेल्फियाची घंटा आणि गुलामचोर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. एरवी मी चांगली शुद्ध बोलते. दर रविवारी न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी शाळेत दहा-बारा पोरांना शुद्धच शिकवते. पण डोकं फिरलं की माझं कोल्हापूर बाहेर पडतं, आणि मग मी काय कबूल करून बसेन याचा नेम नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. माझी अकरा वर्षांची लेक फ्रीजला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मराठी शाळा. आय अ‍ॅम डन."

"डन म्हणजे?"

"डन म्हणजे डन. मला नाही जायचं. इट्स सो बोरिंग."

आता त्या बोरिंग वर्गाची बाई कोण, तर मीच. पाच वर्षं शनिवारी रात्री चित्रं कापत बसायचं, रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या लावायच्या, आणि माझीच पोरगी मला नापास करतेय! वर मनात ती नेहमीची धास्ती होतीच. ही मराठी सोडेल, मग हिची पोरं मला 'हाय' म्हणतील, आणि माझ्या आजीपासून चालत आलेलं सगळं बोलणं न्यू जर्सीतल्या एका स्वयंपाकघरात संपून जाईल. ही भीती मी कुणाला सांगत नाही. ती बाहेर पडते तेव्हा रागच होऊन पडते.

"एक वाक्य सरळ बोलता येत न्हाई आणि म्हणं डन!" मी लाटणं आपटलं. "आधी बोलून दाखव, मग सोड की खुशाल!"

"प्रॉमिस?"

टेबलापाशी माझे वडील सुपारी कातरत बसले होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. कोल्हापूरच्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं लोखंड-पितळ ओतलेला माणूस, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेला. त्यांना इंग्रजी येत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. ते अडकित्ता थांबवून म्हणाले, "लावा की पैज. हाय काय, न्हाय काय."

आणि मी लावली. खुळीच मी.

पैज अशी ठरली. शनिवारी फिलाडेल्फियाला जायचं आणि तिथल्या लिबर्टी बेलचा, म्हणजे तडा गेलेल्या त्या जुन्या घंटेचा, सगळा इतिहास लेकीनं आजोबांना मराठीत सांगायचा. त्यांना समजला तर ती जिंकली, शाळा सुटली. नाही समजला तर हायस्कूलपर्यंत दर रविवार माझा. घंटा तिनंच निवडली, कारण शाळेत तिच्यावर प्रोजेक्ट केलं होतं. शिवाय तेवढीच पाहायची राहिली होती. आमच्याकडच्या पोरांना अमेरिका दाखवतात ती भारतातून आलेली पाहुणेमंडळी. आजी-आजोबा आले की नायगारा, काका-काकू आले की नायगारा. लेकीनं तो चार वेळा पाहिलाय, स्वातंत्र्यदेवी पाच वेळा, आणि दर वेळी आमचं इतिहासकथन एकच: "इकडे बघ, हस, चल लवकर, पार्किंग संपतंय."

अटींवर मात्र तासभर वाद झाला. मी बजावलं, "शेवटी 'करणं' लावून इंग्रजी खपवायचं नाही. क्रॅक झाली म्हणायचं नाही. तडा गेला."

"बाबा तर म्हणतो, कोड डिप्लॉय केला, मीटिंग कॅन्सल केली."

"बाबाला आपण शाळेत घातलेलं नाही. टॉपिक चेंज करू नकोस."

"आई! तू आत्ता काय म्हणालीस?"

आप्पांना इतकं हसू आलं की सुपारी घशात अडकली.

शनिवारी नवऱ्याचं ऑफिसचं काम निघालं, म्हणून आम्ही तिघंच निघालो. तासाभराचा रस्ता. गाडीत लेक ओठातल्या ओठात पाठ करत होती. मधेच म्हणाली, "आई, बेलला मराठीत काय?"

"घंटा. स्वातंत्र्याची घंटा."

ती जी हसत सुटली, ती सीटबेल्टमध्ये वाकडी होईपर्यंत. "बाबा गाडी चालवताना म्हणतो ना! 'घंटा जागा देतोय हा!' म्हणजे स्वातंत्र्य, घंटा?"

"वाईट शब्द आहे तो," मी म्हटलं.

"मग तूच का सांगितलास?"

मागून आप्पा शांतपणे म्हणाले, "जावईबापू लई चांगलं मराठी शिकवायलेत." मी आरशात पाहून डोळे वटारले. वडिलांना वटारले की लेकीला, ते माझं मलाच ठाऊक नाही.

घंटा एका वेगळ्या इमारतीत ठेवलीय आणि आत जायला विमानतळासारखी तपासणी आहे. मी पर्स ठेवली, लेकीनं जाकीट ठेवलं, आप्पांनी लेंग्याच्या खिशातून चष्म्याचं घर, चंची आणि अडकित्ता काढून ट्रेमध्ये ठेवला. चांगला वीतभर, पितळी, धार लावलेला अडकित्ता.

पहाऱ्यावरच्या बाईंनी तो दोन बोटांत धरून वर उचलला. "मॅडम, व्हॉट इज धिस?"

आता अडकित्त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मराठी शाळेच्या बाईला विचारा! मी म्हटलं, कटर आहे. 'कटर' ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. नट कटर म्हटलं, तर मागचा एक माणूस खोकला. शेवटी त्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, हे गाडीत ठेवून या.

"आप्पा, देशाचं सगळ्यात मोठं स्मारक बघायला निघालाय आणि खिशात अडकित्ता?"

"मग सुपारी काय दातानं फोडू? दात हायत का?"

त्या दोघांना आत पाठवून मी तणतणत निघाले. गाडी जमिनीखालच्या पार्किंगमध्ये, कुठल्या मजल्यावर ते आठवेना. अडकित्ता पर्समध्ये लपवून मी दोन मजले पालथे घातले, तेव्हा कुठे तो गाडीत ठेवता आला. वर आले तर रांग दुप्पट झालेली. म्हणजे परीक्षा माझ्याशिवायच सुरू झाली होती. खरं सांगू? मला बरंच वाटत होतं. मी समोर नसले की लेक दोन वाक्यांत इंग्रजीवर घसरणार, आप्पा 'काय म्हणायलीस?' करत बसणार, आणि रविवार माझा.

आत गेले तर घंटेच्या अलीकडेच मला लेकीचा आवाज ऐकू आला. मी एका उंच कुटुंबाच्या पाठीमागे थांबले.

"...मग ती लंडनहून बोटीतून आली. आणि पहिल्यांदाच वाजवली तर तडा गेला! पहिल्यांदाच, आजोबा!"

"आयला! मग परत धाडली असंल."

"नाही. इथल्याच दोन माणसांनी ती वितळवली आणि परत बनवली. पण त्यांनी तांबं जास्त टाकलं. मग आवाज असा आला, थड्. सगळे हसले. मग त्यांनी पुन्हा वितळवली."

"तांबं वाढवलं की आवाज बसतोच," आप्पा म्हणाले. "कथलानं गळा येतो. पण कथील जास्त झालं की ती ठिसूळ. ह्यांनी आधी तांब्यात मार खाल्ला, मग कथलात."

"कथील म्हणजे?"

"भांड्याला कल्हई करत्यात ते."

"कल्हई म्हणजे?"

आणि आप्पा, ज्यांनी मला लहानपणी कधी काही दोनदा सांगितलं नाही, ते तिथे उभं राहून कल्हई समजावून सांगायला लागले. पोरगी जिंकत होती.

"नाव कुणी ठेवलं? लिबर्टी म्हणून?" आप्पांनी विचारलं.

लेक अडली. मी पुढे सरकले. आता अ‍ॅबॉलिशनिस्ट म्हणणार, म्हणू दे, मी मनात म्हटलं. देवा, म्हणू दे.

"आजोबा, पत्त्यात गुलाम असतो ना?"

"व्हय."

"तशी इथे माणसं होती. पण खरीखुरी. त्यांना विकायचे. घंटेवर लिहिलंय, सगळ्यांना स्वातंत्र्य. आणि हे लोक मात्र गुलाम. मग काही लोक चिडले. ते लपूनछपून त्या गुलामांना पळवून न्यायचे. त्यांनी या घंटेला लिबर्टी बेल नाव दिलं." ती थांबली, शब्द शोधला आणि मोठ्यानं म्हणाली, "ते लोक गुलामचोर होते!"

आमच्या घरी रोज संध्याकाळी आजोबा-नातीचा गुलामचोराचा डाव चालतो. पत्ते वाटायचे, जोड्या लावायच्या, आणि ज्याच्या हातात एकटा गुलाम उरेल तो चोर. तोच शब्द पोरीनं उचलला होता. मी हसू दाबायला तोंडावर पर्स धरली. मास्तरकीची सवय जाते थोडीच, 'गुलामगिरीचे विरोधक' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हंजे चांगले चोर."

"हो."

"असे चोर पायजेतच."

मग ते घंटेकडे वळले आणि कितीतरी वेळ त्या रुंद फटीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्यो तडा न्हवं."

"आजोबा, तडाच आहे. पुस्तकात आहे. सगळ्या जगाला माहीत आहे."

"सगळ्या जगानं फौंड्रीत काम केलंय का? तडा असा सरळ आणि रुंद असतोय व्हय? ही फट मुद्दाम तासलीय. वाजवताना कडा एकमेकीला घासू नयेत म्हणून. हा रिपेर हाय. खरा तडा तिथं, वर बघ, केसासारखा गेलाय. रिपेर केल्यावर गेलाय तो. विचार त्या सायबाला."

तिथे माहिती सांगायला रुंद टोपी घातलेला एक सरकारी माणूस उभा होता. लेकीनं त्याला इंग्रजीत विचारलं. तो आधी हसला, मग वाकून तिच्याशी सविस्तर बोलला, मग आप्पांकडे बघायला लागला. लेक उडी मारून वळली.

"आजोबा, तो म्हणतो तुम्ही बरोबर आहात! मोठी फट म्हणजे दुरुस्ती आहे. आणि तो विचारतोय, तुम्हाला कसं कळलं?"

"त्याला सांग, आम्ही तडा असलेला माल हातोडीनं ठोकून आवाजावरनं वळखून काढतो. अडकित्ता दिला असता तर हिला पण ठोकून दाखवली असती."

हे शेवटचं वाक्य लेकीनं गाळलं, हे तिचं शहाणपण. पण पुढची दहा मिनिटं ती दोघांच्या मधे उभी राहून इकडचं तिकडे नेत होती. साच्याला काय म्हणतात, ओतताना किती तापवतात, लंडनच्या लोकांचं चुकलं कुठं. मराठी अडलं की आप्पांच्या बाहीला ओढायची, इंग्रजी अडलं की हातवारे करायची. आजूबाजूला सात-आठ माणसं जमली. आप्पांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी रिटायर झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी पुढे झाले तेव्हा मला पाहताच आप्पांनी निकाल दिला. "पोरगी जिंकली."

"थांबा," मी म्हटलं. "तिनं 'रिपेर' ऐकून घेतलं. इंग्रजी शब्द आहे."

"रिपेर आमच्या फौंड्रीत चाळीस वर्सं मराठीच हाय. आणि बोललो मी, ती न्हाई."

"गुलामचोर चुकीचा शब्द आहे."

"मला समजला का न्हाई? पैज काय होती?"

संपलंच. लेक नाचत होती. बाहेर बाकावर बसून आम्ही डब्यातले धपाटे काढले, पण मी आतून धुमसत होते. राग पैजेचा नव्हता. मी तिला सरळच विचारलं, "एवढं सगळं तुला येतं, मग माझ्या वर्गात दगडासारखी का बसतेस गं?"

तिनं धपाट्याचा घास संपवला. ती उद्धटपणे बोलली नाही, म्हणूनच जास्त लागलं.

"शाळेत तू हत्तीचं चित्र दाखवतेस आणि विचारतेस, हा कोण? तुला माहीत असतं तो हत्ती आहे. मलाही माहीत असतं. मग मी का सांगू? आजोबांना खरंच माहीत नव्हतं."

मी माझा धपाटाही तिच्यापुढे सरकवला. आप्पांनी दुसरीकडे बघत चंची उघडली, मग अडकित्ता गाडीत आहे हे आठवून ती परत बांधली.

दिलेला शब्द मी पाळला. रविवारी सकाळी तिला उठवलं नाही. एकटीच हॉलवर गेले, खुर्च्या लावल्या. एका काकूंनी विचारलंच, "आज लेक नाही?"

"पास झाली ती," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

पोरं बसली. मी पुस्तक उघडलं, हत्तीच्या पानावर बोट ठेवलं, आणि प्रश्न काही तोंडातून निघेना. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी वाट बघत होती. मी पुस्तक मिटलं आणि तिला म्हटलं, "आज सकाळी तुझ्या घरी काय झालं, ते सांग. मला खरंच माहीत नाही."

तिनं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या बाबानं पोहे जळवले, आणि आई झोपली होती, तर त्यानं ते कुत्र्याला दिलं, आणि कुत्र्यानं पण नाही खाल्लं." वर्गात एकच हशा झाला. लगेच चार हात वर, सगळ्यांच्याच घरी काही ना काही जळालं होतं, फुटलं होतं, कुणी कुणावर ओरडलं होतं. व्याकरणाचा पार खुर्दा झाला आणि मी एकही शब्द दुरुस्त केला नाही. तास कधी संपला ते कळलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा पोरं उठायला तयार नव्हती. आणि मला सारखं वाटत होतं, आज लेक असती तर तिला मजा आली असती.